टपावरचे सहा दिवे



गेल्या आठवड्यात चौथीच्या वर्गाला मी निबंध घातला होता, 'माझे आवडते वाहन'. कुणी सायकलवर लिहिलं, कुणी एस्टीवर, एकीनं तर आजोबांच्या बैलगाडीवर लिहिलं. एका पठ्ठ्यानं लिहिलं आपल्या मामांच्या जीपवर. त्यात एक वाक्य होतं, 'माझ्या मामाच्या जीपला टपावर सहा दिवे आहेत. ते लावले की रात्रीचा दिवस होतो आणि जीप कुठेही जाते.'

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती, म्हणून मी लाल खूण केली नाही. पण मनात म्हटलं, हे काही खरं नाही बरं का! कारण गेल्या जुलैत मी त्याच जीपमधून रात्रीचा प्रवास केलाय. त्या रात्री टपावरच्या दिव्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. आणि जीप कुठेही गेली नाही, ती एका जागी थांबली. ती थांबली हे किती बरं झालं, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

आमची शाळा डोंगरातल्या वाडीत आहे. डांबरी रस्ता नऊ किलोमीटर लांब. मधे घाट, लाल चिखल आणि एक ओढा. पावसाळ्यात एस्टी वाडीपर्यंत येत नाही. तेव्हा दुधाचे कॅन, रेशनचं धान्य आणि आजारी माणसं, सगळ्यांना आधार एकच, मामांची जुनी जीप. ते सगळ्या वाडीचेच मामा आहेत.

त्या रात्री साडेनऊला आरडाओरडा ऐकू आला. तिसरीतल्या एका मुलीला पडवीत साप चावला होता. साप कुठला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक जण पायाला दोरी आवळायला निघाला, त्याला मी थांबवलं. सर्पदंशावर दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, चोखायची नाही. पाय हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा आणि लवकरात लवकर दवाखाना गाठायचा. शाळेतली लाकडी पट्टी आणली, पायाला लावून ओढणीनं सैलसर बांधली. १०८ नंबरला फोन केला. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर, ओढ्याच्या पलीकडे येऊन थांबणार होती. तिथवर पोचवायचं काम जीपचं.

मामांनी काय केलं असेल? ते जीपच्या चाकांतली हवा काढत बसले! मुलीची आजी तर संतापलीच. "पोरगी कळवळतेय आणि तू हवा कसली काढतोस रे?"

"मावशे, आत्ता चार मिनिटं दे. नाहीतर चिखलात अर्धा तास जाईल," मामा म्हणाले.

हवा कमी, पकड जास्त

मुलांनो, याचं गणित सोपं आहे. चाकात तीस पौंड हवा आहे असं आपण म्हणतो, म्हणजे दर चौरस इंचावर तीस पौंडांचा दाब. समजा, जीपच्या एका चाकावर ९०० पौंड भार आहे. तर तो पेलायला जमिनीला टेकलेला टायर लागेल ९०० भागिले ३०, म्हणजे साधारण ३० चौरस इंच. हवा १८ पौंडांवर आणली तर? ९०० भागिले १८, म्हणजे ५० चौरस इंच! टायर पसरट झाला, भार जास्त जागेवर वाटला गेला, चाक कमी रुतलं आणि पकड वाढली. उंटाचा पाय वाळूत रुतत नाही, त्याचं कारणही तेच.

पण डांबरी रस्त्यावर आलं की हवा पुन्हा भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात सारखा दबतो, तापतो आणि फुटू शकतो. म्हणून मामांच्या जीपमध्ये हवा भरायचा पंप नेहमी असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गिअर. मामांच्या जीपला नेहमीच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा आहे. तो टाकला की चारही चाकांना इंजिनाचं बळ मिळतं, आणि 'लो' मध्ये टाकला की वेग निम्म्याहून कमी होतो, पण जोर दुपटीहून वाढतो. गिअरच्या सायकलवर चढ चढताना तुम्ही नाही का हलका गिअर टाकत? पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढते. अगदी तस्संच.

ही चार चाकी ओढ आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी लाखो जीपगाड्या बनवल्या. १९४७ सालापासून विलीज जीपची जुळणी आपल्या मुंबईत होऊ लागली. ती करणारी कंपनी म्हणजे आजची महिंद्र अँड महिंद्र. आता रस्त्यावर उंच उंच एसयूव्ही गाड्या दिसतात. पण त्यांतल्या पुष्कळ गाड्यांची दोनच चाकं ओढतात, बरं का! नुसती उंची पाहून फसू नका.

धुक्याची भिंत

घाट लागला आणि धुकं आलं. पुढे दहा पावलांवरचं दिसेना. मी म्हटलं, "मामा, वरचे दिवे लावा ना!"

"लावले तर आहे तेवढंही दिसणार नाही, बाई. हे बघा," असं म्हणून त्यांनी क्षणभर बटण दाबलं.

बाप रे! समोर पांढरी शुभ्र भिंतच उभी राहिली. रस्ता गायब! मामांनी लगेच बटण बंद केलं. मग बंपरच्या खाली लावलेले दोन छोटे दिवे तेवढे ठेवले.

असं का झालं? धुकं म्हणजे पाण्याचे बारीक बारीक थेंब. दिव्याचा उजेड त्यांच्यावर आदळून चहूकडे पसरतो आणि बराचसा उलट आपल्याच डोळ्यांत येतो. टपावरचे दिवे आपल्या डोळ्यांच्या अगदी वरच असतात, त्यामुळे आपण नेमके त्या उजळलेल्या धुक्यातूनच पाहतो. खाली लावलेल्या दिव्यांचा उजेड जमिनीलगत रस्त्यावर पडतो, आपली नजर त्याच्या वरून जाते. म्हणून धुक्याचे दिवे खाली असतात.

धुकं नसलं तरी आणखी एक गंमत आहे. एका अवघड वळणावर मुलीचे काका खाली उतरले आणि बॅटरी घेऊन जीपच्या पुढे चालू लागले. मामा ओरडले, "बॅटरी गुडघ्यापाशी धर!" काकांनी बॅटरी खाली धरली मात्र, रस्त्यातला प्रत्येक खड्डा काळ्या शाईनं रेखल्यासारखा दिसू लागला. कारण उजेड खालून, तिरपा आला की खड्ड्याची नि दगडाची सावली लांब पडते. खड्डा आपल्याला दिसतो तो सावलीमुळे! उजेड वरून आला की सावली तोकडी होते आणि रस्ता सपाट भासतो.

आणि डोळ्यांचं काय? उजेडातून अंधारात गेलं की डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक झगझगीत झोत डोळ्यांत गेला की ती सवय मोडते. म्हणून मामा आतला दिवा बंद ठेवतात. मी मोबाइल उघडला तर म्हणाले, "बाई, पालथा धरा तो."

ओढा

ओढ्यापाशी पोचलो आणि मामांनी ब्रेक दाबला. फरशीवरून गढूळ पाणी घोंगावत जात होतं. पलीकडे रुग्णवाहिकेचा दिवा दिसत होता. अंतर जेमतेम शंभर पावलांचं.

काका म्हणाले, "मामा, घाला गाडी! तुमच्या जीपला तो उंच पाइप आहे ना?"

जीपच्या काचेशेजारून टपापर्यंत हवेचा एक पाइप गेलाय. त्याला स्नॉर्केल म्हणतात. इंजिनाला हवा लागते. हवेऐवजी पाणी ओढलं गेलं तर घोटाळा होतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतले दांडे वाकून इंजिन निकामी होतं. म्हणून इंजिनाचं नाक उंच करायचं.

मामा काठी घेऊन कडेला गेले, पाणी मापलं आणि परत आले. म्हणाले, "अडीच फूट आहे, आणि ओढ आहे. पाइपानं इंजिनाला श्वास मिळतो, पण पाइप काही चाकं धरून ठेवत नाही. गाडी जाणार नाही."

आता हेही गणित करू. समजा, बंद दारांची एक मोटार आहे. तिचा तळ ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे साडेचार चौरस मीटर. पाणी तळाच्या वर फक्त १० सेंटिमीटर चढलं तर तिनं ४५० लिटर पाणी बाजूला सारलं. आर्किमिडीज आठवला ना? तेवढ्याच वजनानं, म्हणजे ४५० किलोनं, पाणी तिला वर उचलू लागतं! मोटार १५०० किलोंची असेल, तर पाणी तळाच्या वर ३३ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीहून थोडंसंच अधिक चढलं की ती तरंगायला लागेल. त्याच्या आधीच चाकांची पकड सुटते आणि प्रवाह बाजूनं ढकलतो. वाहतं पाणी दोन फूट असलं तर बहुतेक मोटारींना, अगदी एसयूव्हीलासुद्धा, ओढून नेऊ शकतं. मामांची जीप उघडी, तिच्यात पाणी शिरेल, म्हणून ती उशिरा तरंगेल एवढंच.

मग? ओढ्यावर जरा वरच्या अंगाला पायी जायचा साकव आहे. काकांनी आणि मामांनी घोंगडीची झोळी केली, मुलीला तीत आडवं घातलं आणि बॅटरीच्या उजेडात पाऊल पाऊल पलीकडे नेलं. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी तिला ताब्यात घेतलं. रुग्णालयात सापाच्या विषावरचं इंजेक्शन मिळालं. नवव्या दिवशी ती घरी आली, आणि शाळेत आल्यावर पहिला प्रश्न काय? "बाई, तुमची पट्टी मोडली नाही ना?"

मामा काय म्हणतात?

निबंध वाचल्यावर मी मामांना विचारलं, "टपावरचे दिवे कशाला ठेवलेत मग?"

मामा हसले. "मी कुठे लावलेत? जुनी जीप घेतली तेव्हाच होते. आता पासिंगच्या आधी उतरवतोय."

त्यांनी तारा दाखवल्या. सहा दिवे, प्रत्येक ५५ वॉटचा, म्हणजे ३३० वॉट. बॅटरी १२ व्होल्टची. ३३० भागिले १२ केलं तर साडेसत्तावीस अँपिअर वीज त्या तारेतून जाते. आधीच्या मालकानं तार घातली होती बारीक, आणि फ्यूज नव्हताच! एकदा तार तापून वरचं प्लॅस्टिक वितळलं. मामांनी मग जाड तार, फ्यूज आणि रिले घातला.

आधीच्या मालकानं जीप खूप उंचही केली होती. मामांनी स्प्रिंगा बदलून ती पुन्हा मूळच्या उंचीवर आणली. उंच गाडी दगडावर टेकत नाही हे खरं, पण तिचं वजनही वर जातं आणि उतारावर ती कलंडू शकते.

"बाई, गाडीला काय काय लावलं हे सगळे विचारतात," मामा म्हणाले. "कुठं थांबलो, ते कुणी विचारत नाही."

करून पाहा

१. रात्री दिवे घालवून जमिनीवर चुरगळलेली गोधडी पसरा. बॅटरी आधी कपाळापाशी धरा, मग जमिनीपासून वीतभर वर धरा. सुरकुत्या केव्हा जास्त दिसतात?

२. जाड पुठ्ठ्यावर एक काडेपेटी आडवी आणि एक उभी ठेवा. पुठ्ठ्याची एक बाजू हळूहळू उचला. आधी कोण पडतं? जीप फार उंच का करू नये, ते कळेल.

३. खेळण्यातली मोटार घ्या. पुढच्या चाकापासून बंपरच्या खालच्या टोकापर्यंत पट्टी लावा आणि कोनमापकानं कोन मोजा. त्याहून उभा चढ आला की बंपर आधी आपटणार!

आई-बाबांशी दोन शब्द

गाडी 'सजवण्या'आधी कायदा विचारून घ्यावा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं मोटारींच्या पुढचे लोखंडी बुलबार बेकायदा असल्याचं कळवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येणार नाही. समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवेही नियमांत बसत नाहीत. आणि पावसाळ्यात फरशीवर पाणी असलं, मागे बसलेली मुलं "घाला ना गाडी, बाबा!" म्हणत असली, तरी थांबावं. मुलं तेही शिकतात.

त्या पठ्ठ्याची वही मी परत दिली. खाली एवढंच लिहिलंय, 'निबंध छान. मामांना विचारून शेवटचं वाक्य पुन्हा लिही.' त्यानं काय लिहिलं ते पुढच्या वेळी सांगेन. तोवर गोधडीचा प्रयोग करा आणि काय दिसलं ते मला पत्रानं कळवा!

तुमच्या बाई