शिकाऊ मुलांचं म्हणणंही नोंदवहीत येऊ द्या

चाळीसगाव तालुक्यातल्या कारखान्यांत आणि प्रशिक्षण संस्थांत शिकाऊ मुलामुलींची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्या सर्व व्यवस्थापक, फोरमन आणि निदेशकांस,



ऐन पाळीत बेअरिंग गेलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. लाइन थांबते, मेंटेनन्सची माणसं धावतात, माल निघायला उशीर होतो आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी माथी खापर फुटतं. आपल्याच भागातल्या एका कारखान्यात असं झालं, तेव्हा त्या मशिनवर शिकाऊ असलेला मुलगा नंतर मला म्हणाला, "सर, माले माहित व्हतं. पन कोन्ही इचारंच नही." त्याच्या घरी विहिरीवर मोटर आहे. बेअरिंग जायला आलं की मोटर कशी घरघरते, हे तो लहानपणापासून ऐकत आलाय. मशिनचा आवाज बदललेला त्याला आधीच जाणवला होता. पण कामावर आल्या आल्याच, दुसऱ्या कुठल्याशा गोष्टीवरून, त्याला सुनावण्यात आलं होतं: तू शिकायला आलायस, शिकवायला नाही. त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही.

मी शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो. अशी गप्प बसलेली मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे येणारी मुलं कोरी नसतात. कुणी मका-कपाशीच्या शेतातून येतो, कुणी तांड्यावरून, जिथले आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि धाकट्या भावंडांचं सगळं मागे राहिलेल्या मुलाला बघावं लागतं. तो दोन दिवस आला नाही की हजेरीपटावर फुली पडते आणि शेरा ठरलेला: काम करायची इच्छा नाही. मुली येतात. त्यांना पुरुषी मापाचे सेफ्टी शूज मिळतात. चार नंबरचा पाय आठ नंबरच्या बुटात घालून मुलगी ओल्या फरशीवर दिवसभर वावरते आणि सुपरवायझर म्हणतो, ही सावकाश चालते. बुटाचं माप विचारायला कितीसा वेळ लागतो?

जुन्या ऑपरेटरची बाजूही सांगितली पाहिजे, कारण सगळा राग त्याच्यावर काढणं सोपं आहे. तो बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. शिकवण्याबद्दल त्याला एक रुपया जास्त मिळत नाही. उलट आपण शिकवलेला पोरगाच उद्या कमी पैशांत आपल्या जागी उभा राहील, ही भीती त्याला असते, आणि ती खोटी नाही. मग तो हातातली खुबी राखून ठेवतो. टूल कसं बसवायचं ते दाखवतो, ते का सरकतं ते सांगत नाही. त्याच्या जागी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. तुम्हाला उत्पादनाचं टार्गेट गाठायचं असतं, त्याला रोजी टिकवायची असते, मुलाला प्रमाणपत्र हवं असतं. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण तिघं एकत्र बसून बोलतील अशी वेळ आठवड्यात कुठेच ठेवलेली नाही.

कायद्यातही इथे एक फट आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम 14 ने कारखान्यातल्या आरोग्याच्या आणि सुरक्षिततेच्या तरतुदी या मुलांना लागू केल्या. कलम 18 मात्र सांगतं की ते प्रशिक्षणार्थी आहेत, कामगार नव्हेत. 1987 साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली. तिच्यावर कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखे प्रतिनिधी ठेवले गेले. शिकाऊ उमेदवाराला तिथे खुर्ची मिळाली नाही. त्याचं रक्षण व्हावं असं कायदा म्हणतो, त्याचं ऐकावं असं म्हणत नाही. पण ते ऐकायला तुम्हाला कुठला कायदा आडवाही येत नाही.

कायद्याचं राहू द्या; शिक्षणाला बाजाराने आणि कारागिरांनी पोसायचं, हे आपल्या तालुक्याला नवं नाही. पाटणादेवीजवळच्या पाटणला शके 1128 मध्ये, म्हणजे इ.स. 1207 साली, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली अभ्यासकांपुढे आणला. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. पेठेतल्या विक्रीतून मठाला काय मिळावं, तेलाच्या घाण्यांनी किती तेल द्यावं, हे त्यात नोंदलं आहे.

आणि तिथे शिकवायचं ते तरी काय? भास्कराचार्यांची 'लीलावती' उघडून पाहा. विटांची रास, करवतीने चिरलेलं लाकूड, खणलेला खड्डा, धान्याचा ढीग, सगळ्यांचं गणित आहे. ढिगाच्या परिघावरून त्याची उंची काढायची रीत धान्यागणिक बदलते: जाड धान्याला परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याला अकरावा, कुसळं असलेल्या धान्याला नववा. हा नियम भास्कराचार्यांच्याही आधीपासून चालत आलेला. कुसळं एकमेकांत अडकतात म्हणून तो ढीग उभट राहतो, हे खळ्यावर धान्य ओतणाऱ्याला आधी दिसलं असणार. गणित्याने त्याचं पाहणं मानलं, म्हणून ते सूत्रात आलं.

आज खडकीच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या मुलाजवळही असं पाहिलेलं, ऐकलेलं खूप असतं. जपानी कारखान्यांत 1962 च्या सुमारास क्वालिटी सर्कल सुरू झाली, ती याच भरवशावर: मशिनजवळच्या माणसाला जे दिसतं ते केबिनमधून दिसत नाही. आपल्याकडे सूचनापेटी टांगली जाते. तिची किल्ली कुणाकडे असते, हे विचारलं तर बऱ्याच ठिकाणी कुणालाच सांगता येत नाही.

माझं मागणं मोठं नाही. शनिवारी पाळी सुटायच्या आधीचा एक तास राखून ठेवा. त्यात इंजिनिअर, ऑपरेटर आणि शिकाऊ मुलं एकत्र बसू देत. मुलांना अहिराणीत, गोरमाटीत, जसं येईल तसं बोलू द्या, ते नोंदवहीत मराठीत लिहून घेणारा कुणीतरी सापडेल. थोडक्यात टळलेला अपघात नोंदवहीत लिहिणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे व्यवस्थापकाने स्वतः उभं राहून सर्वांसमोर सांगावं, नुसती नोटीस लावू नये. जो ऑपरेटर शिकवतो त्याला शिकवण्याचा भत्ता द्या, तो ठेकेदाराचा असला तरी. भत्त्याशिवाय बाकीचं सगळं कागदावर राहील, हे मी अनुभवाने सांगतो.

या तासाला बसून सुरुवातीचे काही महिने नोंदवही लिहायला मी तयार आहे. मानधन नको. तुमच्यापैकी एकाने जरी होकार कळवला, तरी येत्या शनिवारी मी गेटवर हजर असेन.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
चाळीसगाव