फुकटाच्या खेळाची किंमत

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली, मेहकर किंवा मलकापूर, गाव कोणतेही असो. सायंकाळी एखाद्या कट्ट्यावर चार-पाच मुले मोबाईलमध्ये मान घालून बसलेली दिसतात. ती एकमेकांकडे पाहत नाहीत. पण लढत असतात एकाच रणांगणावर. बंदुकीचा हा खेळ फुकट मिळतो. तो खेळण्याजोगा आहे काय, या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर केवळ संतापाने देऊन भागणार नाही.

बंदीचा उपाय करून झाला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून 'पबजी मोबाईल'सह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये अडवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर'वर बंदी आली, 'फ्री फायर मॅक्स' मात्र सुरूच राहिला. खेळ गेले, आले. सवय कायम राहिली. बंदीने देशाची माहिती सुरक्षित राखता येते, मुलांचे मन घडवता येत नाही.

खेळाचे गुणही मान्य केले पाहिजेत. शंभर खेळाडू बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो. चौघांच्या चमूत समन्वय लागतो, क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणाऱ्या २०२५ च्या कायद्यानेही ई-क्रीडेला मान्यता दिली आहे.

मग गफलत कोठे आहे? ती 'फुकट' या शब्दात आहे. कंपनीचे उत्पन्न पोशाख, बंदुकीचे रंग आणि आत काय निघेल हे ठाऊक नसलेल्या पेट्या यांच्या विक्रीतून येते. विकत घेणारा सापडावा म्हणून खेळणारा तासन्‌तास खिळून राहणे आवश्यक असते. म्हणजे जो पैसा देत नाही, तो वेळ देतो. २०२३ मध्ये परतलेल्या खेळात अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची अट होती. शाळकरी मुलाला रोज तीन तास, ही मर्यादा म्हणावी की मुभा? जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर सवयीची नोंद आजारांच्या यादीत केली आहे, ती उगाच नव्हे.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा याच जातीचा खेळ आणला. भारतीय कल्पकतेचे स्वागतच आहे. परंतु विक्रीचे तंत्र तेच असेल, तर केवळ स्वदेशी छापाने व्यसन सात्त्विक ठरत नाही.

नेम कसा धरावा, याचा धडा बुलढाण्यातच आहे. येथील प्रथमेश जावकर या तिरंदाजाने मे २०२३ मध्ये शांघाय येथे जगातील अव्वल खेळाडू माईक श्लोसर याला १४९-१४८ असे नमवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्या एका गुणामागे वर्षांची साधना आहे. ती कोणत्याही पेटीतून निघत नाही. आणि रणांगण म्हणजे काय, हे मलकापूर व चोरपांग्रा या गावांना विचारावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे संजय राजपूत आणि नितीन राठोड हे त्यांचे सुपुत्र हुतात्मा झाले. तेथे दुसरा डाव नसतो.

तेव्हा उत्तर असे : कमावत्या, जाणत्या तरुणाने पैसा न घालता, घड्याळ पाहून एखादा डाव खेळावा, त्यात पाप नाही. शाळकरी मुलांसाठी मात्र हा सौदा महागाचा आहे. पण मुलाच्या हातून मोबाईल काढून घेणाऱ्या गावाने त्याला मैदान, प्रशिक्षक आणि आपला वेळ दिला पाहिजे. रिकाम्या हातात मोबाईल पुन्हा येतोच.