सोने लुटण्याआधी

दसऱ्याच्या संध्याकाळी 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा' म्हणत आपण एकमेकांच्या हातावर जी पाने ठेवतो, ती पुष्कळदा आपट्याची नसतातच. बाजारात आपटा म्हणून त्याच्याच कुळातल्या कांचनाच्या फांद्याही सर्रास खपतात. खूण सोपी आहे. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचे मोठे आणि पातळ. पण ती खूण कळायला उभा आपटा कधीतरी पाहिलेला असावा लागतो!

कौत्साची गोष्ट आपण मुलांना सांगतो. गुरुदक्षिणेसाठी त्याला चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. कुबेराने आपट्यावर त्याहून कितीतरी अधिक पाडल्या. कौत्साने गरजेपुरत्या घेतल्या आणि उरलेल्या लोकांनी लुटल्या. आपण त्यातली लूट तेवढी लक्षात ठेवली, कौत्साचा संयम विसरलो.

माझी उमेद बँकेत गेली. मुद्दल खाणाऱ्याचे पुढे काय होते, ते तिथे रोज दिसे. पाऊस सरल्यावर भरगच्च पाने हीच झाडाची कमाई असते. त्या बळावर त्याला पुढचा उन्हाळा काढायचा असतो. नेमक्या त्याच वेळी आपण फांद्याच्या फांद्या ओरबाडतो. हे व्याज घेणे नव्हे, मुद्दलच उचलणे आहे.

आणि झाड तरी कसे? संस्कृतात त्याला अश्मंतक म्हणतात, म्हणजे दगडाचा अंत करणारा. मुरमाड, उघड्या, उन्हाने भाजलेल्या उतारावर तो तग धरतो. तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. त्याच्या सालीच्या वाखाचे दोर वळतात, पानांच्या विड्या होतात. वाढतो सावकाश, वाकडातिकडा, फांद्या खाली झुकवून. पण अंगणाला हे ठेंगणे झाड शोभून दिसते.

ते वाढवायला मोठी विद्या लागत नाही. काळपट, वाकड्या शेंगा झाडावर कित्येक महिने लटकत असतात. त्यांतले बी टणक असते. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात ते रात्रभर भिजवावे आणि उन्हाळ्याच्या तोंडी पिशवीत लावावे. एक पावसाळा पिशवीत काढलेले रोप पुढच्या वर्षी पहिल्या पावसाबरोबर जमिनीत जावे. त्यानंतरची दोन-तीन वर्षे मात्र शेळ्या आणि वणवा यांपासून त्याला जपावे लागते. आमच्याकडे झाडे लावण्याचे समारंभ पुष्कळ होतात. कमी पडते ती ही राखण.

उघड्या टेकड्या झटपट हिरव्या करण्यासाठी आपण मध्य अमेरिकेतून आलेली गिरिपुष्प आणि सुबाभूळ जागोजागी लावली. हिरवळ आली खरी, पण तिथली मूळची झाडे परतली नाहीत. टेकडी नुसती हिरवी दिसणे वेगळे आणि आपल्या झाडापाखरांसह पुन्हा नांदती होणे वेगळे. त्यासाठी पळस, हिवर, खैर यांच्या जोडीला आपटा हवा, आणि थोडा धीर हवा.

यंदाच्या दसऱ्याला हातावर एकच पान ठेवावे, फांदी नको. जमल्यास सोबत आपट्याचे रोप द्यावे. घेणाऱ्याकडे अंगण नसेल तर सोसायटीच्या कुंपणाशी, शाळेच्या आवारात, गावाकडच्या बांधावर जागा निघेल. सोने वाटायचे तर ते आधी पिकवायला नको का?