ट्रॉलीखालचा टेकू

माळेगावच्या खंडोबाची यात्रा जवळ आली की आमच्या हिमायतनगरात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सजू लागतात. खाली गवत, त्यावर सतरंज्या, वर ताडपत्री. दोन रात्रींचं घरच म्हणा ना! तवा, पीठ, पाण्याचे डबे, लेकरांचे स्वेटर, सगळं आपण बायका आठवणीनं भरतो. पण ट्रॉलीखाली टेकू काय लावायचा, हे कुणी निघताना ठरवत नाही. तिथं गेल्यावर मिळेल तो दगड!

काही वर्षांपूर्वी बचत गटातल्या बायकांना घेऊन मी गेले होते. ट्रॉली दोनचाकी. पोचल्यावर ट्रॅक्टर सोडून डिझेलला गेला आणि पुढच्या दांडीखाली विटांची चळत रचली. मागं काहीच नाही. रात्री जेवणं झाल्यावर सहा-सात जणी मागच्या फाळक्यापाशी गप्पा मारत बसलो. एकदम पुढची दांडी वर उचलली अन् मागची बाजू धाडकन खाली! आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर. एका काकूंचं मनगट मोडलं. त्यांचा नातू घटकाभर आधीपर्यंत ट्रॉलीखालीच निजलेला होता. दोष कुणाला देऊ? ट्रॉली ठरवणारी मीच होते.

घरी आल्यावर एका सुताराला विचारलं, तेव्हा साधी गोष्ट कळली. दोनचाकी ट्रॉली म्हणजे तराजू. मधे चाकं, पुढं-मागं पारडी. ट्रॅक्टर सुटला की पुढच्या टोकाला धरणारं कुणी नाही. म्हणून टेकू पुढं हवा तसा मागंही हवा. खरं तर माणसं वर असेपर्यंत ट्रॅक्टर सोडूच नये, पण यात्रेत ते कोण ऐकतं?

आता टेकू कशाचा? वीट दिसायला भक्कम, पण एका कोपऱ्यावर भार आला की तडकते. पोकळ सिमेंटची वीट तर आणखी फसवी. गोल दगड घसरतो. ट्रकचा जॅक चाक बदलण्यापुरता, रात्रभर त्याच्या भरवशावर निजायचं नाही. सगळ्यात बरा लाकडाचा ठोकळा. बाभळीचा असला तर उत्तम. तो दबेल, पण काचेसारखा फुटणार नाही. उंची कमी पडली तर दोन आडवे, त्यावर दोन उभे, असे चौकटीसारखे रचायचे. आणि आपली काळी जमीन! ओली असली की टेकू भाराखाली रुततो. म्हणून खाली रुंद फळी हवीच.

आधी दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी माराव्यात. एक बाजू उतरती असेल तर त्या बाजूचं चाक फळीवर चढवून घ्यावं, टेकूनं ट्रॉली उचलू नये. भार चाकांनी पेलायचा, टेकूनं फक्त डुलू द्यायचं नाही. ट्रॉली समतल आहे का, हे परातीत पाणी ओतलं की दिसतं. त्याला इंजिनिअर लागत नाही. परदेशात लोक राहण्याच्या गाड्या ओढत सहलीला जातात, तिथंही हाच नेम. त्यांचे ठोकळे प्लॅस्टिकचे, एकात एक बसणारे, एवढंच. आपल्या राज्यानंही 2021 मध्ये अशा फिरत्या गाड्यांच्या पर्यटनाचं धोरण आणलं.

पण मैत्रिणींनो, मला सहलीपेक्षा ऊसतोडीची काळजी वाटते. दिवाळीनंतर आपल्या भागातून टोळ्या निघतात. कित्येक बाया महिनोन्महिने फडावर ट्रॉलीच्या सावलीत स्वयंपाक करतात, तिच्याच खाली तान्ह्याची झोळी बांधतात. उचल किती, कोयते किती, हे सगळं ठरतं, ठोकळ्यांचं कुणी बोलत नाही. एका मुकादमाला मी चार ठोकळे द्या म्हटलं तर तो हसला. "ताई, फडावर दगडाला काय तोटा हाय?" ट्रॉलीला टायर त्यानं पैसे देऊनच आणले होते ना! मग चार लाकडं का जड व्हावीत? जाणाऱ्या बायांनीच निघण्याआधी ती मागून घ्यावीत, असं मी प्रत्येकीला सांगते. दोघी-तिघींनी मागितली, एकीला मिळाली.

आमच्या घरचे सहा ठोकळे वखारीतून कापून आणलेत. ज्वारीच्या कोठीजवळ ठेवते. परवा जाऊबाईंनी त्यातल्या दोनांवर लोणच्याची बरणी मांडली होती, ती मी उचलून ओट्यावर ठेवली.