विश्लेषण : बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या, तर कोणत्या निवडाव्यात?

अमेरिकेतील ट्रॅप किंवा स्कीट नेमबाजीच्या मैदानावर एक फेरी संपली, की प्रत्येक नेमबाजाच्या 25 पुंगळ्या रिकाम्या झालेल्या असतात. दिवसभरात चार फेऱ्या झाल्या तर शंभर. अनेक हौशी नेमबाज त्या घरी नेतात आणि त्यातून नवी काडतुसे तयार करतात. तिथे हा कायदेशीर आणि जुना छंद आहे. मात्र ‘दिसली पुंगळी की टाक बादलीत’ ही सवय याच छंदातली सर्वात महागडी चूक ठरू शकते.

पुन्हा भरतात म्हणजे काय करतात?

शॉटगनच्या काडतुसात पाच गोष्टी असतात. पुंगळी, ठिणगी देणारा प्रायमर, धूररहित दारू, दारू आणि छर्रे यांच्या मधला प्लास्टिकचा वॅड आणि छर्रे. बार उडाल्यावर हाती उरते ती फक्त पुंगळी. हातयंत्रावर जुना प्रायमर काढतात, फुगलेला धातूचा बुडखा मूळ मापात आणतात, नवा प्रायमर बसवतात, मोजून दारू, वॅड आणि छर्रे भरतात आणि तोंडाच्या घड्या पुन्हा मिटतात.

पुंगळी पुन्हा वापरता येते म्हणून ती निव्वळ डबा आहे, असा समज होतो. तो चुकीचा आहे. दारू आणि छर्ऱ्यांच्या वजनाइतकाच पुंगळीचा प्रकार हाही त्या मिश्रणाचा भाग असतो. म्हणूनच दारू उत्पादकांच्या तक्त्यांत प्रत्येक प्रमाणापुढे पुंगळीचे नाव दिलेले असते.

बाहेरून सारख्या, मग फरक कुठे?

फरक आत असतो. अमेरिकी पुंगळ्यांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. पहिल्यात भिंत आणि तळ प्लास्टिकच्या एकाच तुकड्यातून दाबून घडवलेले असतात आणि आतली जागा तळाकडे निमुळती होत जाते. रेमिंग्टनची ‘एसटीएस’ आणि विंचेस्टरची जुनी ‘एए’ ही याची ठळक उदाहरणे. दुसऱ्या प्रकारात सरळ प्लास्टिकच्या नळीत तळाचा तुकडा वेगळा बसवलेला असतो. फियोकी, चेडाइट या युरोपीय कंपन्यांच्या पुंगळ्या या गटातल्या.

आतली जागा कमी-जास्त झाली, की दाब बदलतो. धूररहित दारूचा स्वभाव असा, की दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. सरळ पुंगळीसाठी दिलेले प्रमाण निमुळत्या पुंगळीत भरले, तर दाब धोक्याच्या दिशेने सरकतो. उलट केले, तर दारू नीट जळत नाही, बार मंद होतो आणि वॅड नळीतच अडकण्याची शक्यता असते. तो लक्षात न येता पुढचा बार उडवला, तर नळी फुटू शकते. 12 बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसासाठी अमेरिकी मानकानुसार सरासरी दाबाची कमाल मर्यादा 11,500 पीएसआय आहे. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारण 30 ते 35 पीएसआय असतो, यावरून आकड्याचा अंदाज यावा. हा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो.

निवडताना काय पाहावे?

बुडख्याच्या धातूची उंची पाहून पुंगळी ‘मजबूत’ ठरवण्याची जुनी पद्धत आता निरर्थक आहे. आधुनिक पुंगळीत ती उंची बरीचशी दिखाऊ असते. धातू कोणता, हे मात्र महत्त्वाचे. पितळ सहज मूळ मापात येते, पोलाद दाबले तरी थोडे परत फुगते. साधे लोहचुंबक लावले की फरक कळतो.

विजेरीने आतला तळ पाहणे सर्वात आवश्यक. वेगळा बसवलेला तळ सैल झाला असेल, तर तोही छर्ऱ्यांमागे नळीत जाऊन अडकू शकतो. विंचेस्टरने ‘एए’ची रचना पुढे बदलून तळ वेगळा केला. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात, म्हणून जाणकार त्या वेगवेगळ्या ठेवतात.

तोंडाच्या घड्यांत चीर किंवा भोक, बुडख्याजवळ जळल्याची खूण, पायाखाली येऊन चपटी झालेली पुंगळी, बोटाने सहज बसणारा प्रायमर, यांपैकी एकही दोष दिसला तर ती कचऱ्यात जावी. काही युरोपीय प्रायमर अमेरिकी प्रायमरपेक्षा किंचित जाड असतात. ते एकदा वापरले, की त्या पुंगळीत अमेरिकी प्रायमर ढिला बसतो. घड्या सहा होत्या की आठ, हेही पाहावे लागते. आठ घड्यांची पुंगळी सहा घड्यांच्या साच्यात नीट मिटत नाही.

बादलीत 20 बोअरची पिवळी पुंगळी आली, तर तीही लगेच बाजूला काढावी. 20 बोअरचे काडतूस 12 बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते आणि मागून 12 बोअरचे काडतूस भरता येते. असे अपघात टळावेत म्हणूनच 20 बोअरला पिवळा रंग देण्याचा संकेत आहे.

बचत खरोखर किती?

छर्ऱ्यांची 25 पौंडांची पिशवी घेतली, तर एक औंसाच्या हिशेबाने 400 काडतुसे भरतात. सव्वा नव्हे, पण एक अष्टमांश औंस जास्त घातला, तर साधारण 355. खर्चाचा मोठा वाटा छर्रे, दारू आणि प्रायमर यांचा असतो आणि तो पुंगळी कोणतीही घेतली तरी चुकत नाही. 12 बोअरची सरावाची काडतुसे घाऊक स्वस्त मिळतात, तेव्हा फायदा तुटपुंजा उरतो. 28 बोअर किंवा 410 यांसारख्या महाग काडतुसांत तो डोळ्यांत भरतो. म्हणजे जिथे पुंगळी फुकट उचलण्याचा मोह सर्वाधिक, तिथेच बचत सर्वात कमी. एकाच जातीची, स्वतः एकदाच उडवलेली पुंगळी निवडावी, तिच्यासाठी छापलेले प्रमाण तंतोतंत पाळावे आणि किती वेळा भरली याची नोंद डब्यावर ठेवावी, हाच शहाणपणाचा हिशेब.

भारतात हे करता येते का?

घरच्या घरी, परवान्याशिवाय, नाही. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. परदेशी चित्रफिती पाहून यंत्र मागवण्याचा विचार करणाऱ्या परवानाधारकांनी हे आधी समजून घ्यावे.

अमेरिकेतही कायदा परवानगी देतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. ती हमी शेवटी टेबलावर बसून प्रत्येक पुंगळीत विजेरी मारणाऱ्या माणसाच्या चिकाटीवर असते. शंका आलेली पुंगळी फेकून दिली, तर काही पैशांचेच नुकसान होते.