जागा बदलली तेव्हा

फुटबॉल खेळणारी मुले सर्वांत जास्त कशावरून रुसतात, हे गावच्या मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यास ठाऊक असते. हार झाली तर ती अर्ध्या तासात विसरतात. जागा बदलली तर मात्र आठवडाभर अबोला धरतात. आघाडीला धावणाऱ्या मुलाला गोलात उभे केले की ती त्याला शिक्षा वाटते, आणि पुष्कळदा त्याचा बापही तसेच मानतो.

या बाबतीत एका शाळामास्तरांची हकीकत सांगण्यासारखी आहे. आपला बेज्जूरचा मुलूख १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात मोडत असे, त्याच राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम शिक्षक होते. १९५० पासून ते हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाला शिकवू लागले, आणि पुढे देशाचा संघही त्यांच्याच हाती आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तो चौथा आला.

१९६२ साली जकार्ता येथे एशियाई खेळ झाले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरविले. पुढे थायलंडशी खेळताना जर्नेल सिंग यांचे डोके फुटले व टाके घालावे लागले. जर्नेल म्हणजे बचावाची भिंत! रहीम यांनी उपांत्य सामन्यात त्यांना मैदानावर आणले ते चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून. जर्नेलनी दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध आणखी एक. त्याआधी प्रदीपकुमार बॅनर्जींनी पहिला गोल केला होता. आपण २–१ ने जिंकलो.

ही गोष्ट बहुधा जर्नेल यांच्या धैर्यासाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र मास्तरांच्या नजरेचे अधिक कौतुक वाटते. जखमी गड्याकडून अजून काय होण्यासारखे आहे, हे त्यांनी हेरले. शिवाय मागची फळी अरुण घोष आदी मंडळींनी सांभाळली, म्हणूनच जर्नेलना पुढे जाता आले. त्यांची नावे आज कितीजण घेतात?

त्याच दिवशी गोलात उभे होते पीटर थंगराज, हेही मूळचे हैदराबादकडचेच. लष्करात मद्रास रेजिमेंटल सेंटरकडून ते आधी सेंटर फॉरवर्ड खेळत. पुढे गोलरक्षक झाले आणि आशियातील नामांकितांत गणले गेले. एकाच संघात एक आघाडीचा गडी गोलात गेला होता आणि एक बचावाचा गडी आघाडीला.

बास्केटबॉलमध्ये हे दुखणे थोडे हलके असते. तेथे पाचही जणांना चढाई व बचाव दोन्ही करावे लागतात. तरीही वर्षभरात हातभर उंच झालेल्या मुलाला टोपलीखाली उभे केले की तो कुरकुरतोच.

खेळ शिकविणाऱ्या तरुणांना एक विनंती आहे. मुलाची जागा बदलायची तर आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन कारण सांगा. सर्वांदेखत, शिट्टी वाजताना नको. आणि बापांनी त्या रात्री जेवताना मास्तरांना नावे ठेवू नयेत.

जकार्त्याला रहीम कर्करोगाने पोखरलेले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. एशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेले नाही.