वलगणीचे मासे व आमचा लोभ

मृगाच्या जोरदार सरींनी ओढे वाहू लागले, की कामवारीकाठी मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत अंडी घालण्यास येतात. हीच वलगण. त्या रात्री कंदील, पाग, कोयता घेऊन बांधावर न गेलेला भिवंडीकडील शेतकरी विरळाच. महसुलात कारकुनी करीत असता आम्हीही गेलो आहो, व गाभोळीची चव अद्याप विसरलो नाही! परंतु बांधाच्या तोंडाशी मच्छरदाणीचे कापड लावून चढता मासा निःशेष धरावा, हे आम्हांस मान्य नाही. एका मादीच्या पोटात सहस्रावधी अंडी असतात. पाण्यात विष वा सुरुंग टाकणे १८९७ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. समुद्रात यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ओढ्यावर पहारा कोण करणार? तो बांधाच्या धन्यानेच केला पाहिजे. चढणीचे पहिले दोन दिवस तोंड मोकळे सोडावे, व अंडी घालून उतरणारे मासे खुशाल धरावे. उतरता मासा रोड असतो, कालवणास तितकी गोडी येत नाही, हे कबूल. येत्या पावसात आम्ही आमच्या दोन खाचरांपासून आरंभ करणार आहो. शेजारचे हसतात, हसोत.